वीतभर फरक

स्नायपरचा विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला असतो: किती लांबून? मग मोबाईलवर वाचलेले आकडे बाहेर येतात. 2009 साली अफगाणिस्तानात क्रेग हॅरिसन या ब्रिटिश सैनिकानं साधलेला 2475 मीटरचा नेम. 2017 साली इराकमधल्या एका कॅनेडियन सैनिकाचा 3540 मीटरचा. 2023 मध्ये युक्रेननं त्याहूनही लांबचा दावा केला. आकडे आपल्या जागी ठीक आहेत, पण त्यांनी या विषयाचा पार विचका केलाय. त्या एका गोळीच्या आधी किती गोळ्या हुकल्या, वारा कसा होता, किती उंचीवरून मारली, हे कोणी विचारत नाही. आणि त्या रायफलीत नेमकं तेच काडतूस का होतं, हे तर कोणाच्या डोक्यातही येत नाही.

माझ्या डोक्यात ते येतं, त्यात माझी हुशारी काही नाही. मी वरणगावचा. भुसावळहून मुक्ताईनगरकडे निघालं की हायवेवर आमचं गाव लागतं, जवळच हतनूरचं धरण, चहूकडे केळी आणि कापूस, आणि मधोमध फॅक्टरी. 62 च्या युद्धानंतर देशाला दारूगोळ्याची टंचाई चांगलीच जाणवली होती. 1964 मध्ये इथे आयुध निर्माणी आली आणि लहान हत्यारांची काडतुसं बनवायला लागली. शेजारी भुसावळची निर्माणी त्याहून जुनी, 1949 ची. 2021 मध्ये सगळ्या निर्माण्यांच्या सात कंपन्या झाल्या, वरणगाव म्युनिशन्स इंडियाकडे गेलं आणि भुसावळ यंत्र इंडियाकडे, पण गावात अजून कोणी कंपनी म्हणत नाही. फॅक्टरीच म्हणतात. आमच्या वर्गातल्या निम्म्या पोरांचे वडील भोंग्यावर उठायचे आणि भोंग्यावर घरी यायचे.

18 मार्चला आयुध निर्माणी दिवस असतो. 1802 साली त्या तारखेला कलकत्त्याजवळच्या काशीपूरला पहिल्या कारखान्याचं काम सुरू झालं, म्हणून. त्या दिवशी प्रदर्शन मांडायचे आणि आम्हा पोरांना आत सोडायचे. टेबलावर हिरवं कापड, त्यावर काडतुसं ओळीनं उभी, आणि एक काडतूस उभं चिरून ठेवलेलं. ते मला अजून जसंच्या तसं दिसतं. वर तांब्याच्या रंगाची गोळी, तिच्या पोटात शिसं, खाली दारू भरायची पितळेची पुंगळी, बुडाशी ठिणगी पाडणारी बारीकशी टोपी. पुंगळीच्या मानेवर निळसर, जांभळट डाग होता. मला वाटलं, खराब माल मांडलाय. शेजारचे नाना तपासणी विभागात होते, ते म्हणाले, "डाग नाही तो. मान तापवेल आहे." पितळ ठोकून, ओढून लांब केलं की कडक होतं, मानेला थोडं मऊ करायला ती तापवतात, नाहीतर गोळी बसवल्यावर वर्षा-दोन वर्षांनी मान तडकते. बुडावर इंग्रजी तीन अक्षरं होती, ओएफव्ही. आमचं गाव त्या तीन अक्षरांत मावलेलं.

त्या ओळीत मला गोंधळात टाकलं ते 7.62 नं. लष्करी भाषेत 7.62 म्हणजे एकच गोष्ट नव्हे. एक 7.62 बाय 39, म्हणजे एके रायफलीचं. एक 7.62 बाय 51, नाटो देशांनी 1954 मध्ये स्वीकारलेलं. आपल्या लष्कराची जुनी एसएलआर रायफल त्याचीच होती. आणि एक 7.62 बाय 54, रशियन, बुडाला कडा असलेलं, 1891 पासून चालत आलेलं. पहिला आकडा नळीच्या भोकाचा, दुसरा पुंगळीच्या लांबीचा, मिलिमीटरमध्ये. एकातलं दुसऱ्यात चालत नाही. तेव्हा कॅलिबर निवडायचं म्हणजे नुसतं भोक निवडायचं नसतं. पुंगळी किती लांब, तिच्यात दारू किती मावते, गोळी किती जड, आणि हे सगळं बनवणारा कारखाना कोणाचा, एवढं सगळं त्यात येतं.

आपल्या लष्करात स्नायपर म्हणजे बरीच वर्षं ड्रॅगुनोव्ह. सोव्हिएत संघानं 1963 मध्ये घेतलेली रायफल, दहा गोळ्यांचं मॅगझिन, वर चार पटींची दुर्बीण, काडतूस तेच 1891 चं. माझा मामेभाऊ पायदळात होता, तो ती घेऊन नियंत्रण रेषेवर राहिलाय. (मोठा म्हणून आम्ही त्याला भाऊच म्हणतो.) त्याचा जीव आहे त्या रायफलीवर. हलकी आहे, सव्वाचार किलोच्या आसपास. चिखलात पडली तरी चालते. आणि पहिली गोळी चुकली तर दुसरीसाठी बोल्ट ओढत बसावं लागत नाही. पण तोच सांगतो, "आठशेच्या पुढं मला नको विचारू."

आठशेच का? इथं थोडं गणितात शिरावं लागतं.

गोळी नळीतून सुटल्या क्षणापासून खाली पडायला लागते, हे शाळेत शिकलेलं असतं. नाटोच्या 7.62 मधली अकरा ग्रॅमची चांगली गोळी हजार मीटर जायला दीड सेकंदाहून जास्त घेते आणि तेवढ्यात दहा मीटरहून जास्त खाली येते. पडण्याचं मात्र एवढं काही नाही, ते आधी काढता येतं. अंतर बरोबर कळलं की दुर्बिणीवरची चकती फिरवायची. वारा मात्र मोजून मिळत नाही. ताशी पंधरा-सोळा किलोमीटरचा आडवा वारा, म्हणजे आपल्याकडे केळीची पानं जेमतेम फाटतील असा, त्याच गोळीला हजार मीटरवर दोन मीटरहून जास्त बाजूला नेतो. आणि वाटेत दरी असली तर अलीकडचा वारा एक, मधला दुसरा आणि पलीकडचा तिसराच.

तिसरी अडचण आवाजाच्या वेगाची. गोळी निघते तेव्हा आवाजाच्या दुपटीहून जास्त वेगात असते. हवा कापत कापत ती मंदावते आणि सेकंदाला 340 मीटरच्या आसपास आली, की आवाजाचा वेग ओलांडून खाली उतरताना डगमगते. तिथून पुढे ती कुठं जाईल याची खात्री कमी होत जाते. 7.62 च्या गोळ्या सपाटीवर साधारण आठशे-नऊशे मीटरच्या आसपास या टप्प्याला येतात. भाऊचे आठशे मीटर ते हेच. डोंगरावर हे अंतर वाढतं, कारण चार हजार मीटर उंचीवर हवा समुद्रसपाटीच्या दोन-तृतीयांशच असते. हिमालयातले नेम लांबचे असतात त्यात माणसाच्या हाताइतकाच विरळ हवेचाही वाटा असतो, फक्त तिला कोणी पदक देत नाही.

मग सरळ मोठं काडतूस का घेऊ नये? घेतलंच की. तीनशे विंचेस्टर मॅग्नम, 1963 चं शिकारीचं काडतूस, त्यात भोक तेच पण दारू जास्त; अमेरिकी लष्करानं आपल्या जुन्या 7.62 रायफली त्यासाठी बदलून घेतल्या आणि बाराशे मीटरपर्यंत गेले. त्याच्या पलीकडे टोकाला पॉइंट फिफ्टी, म्हणजे अर्धा इंच, 12.7 मिलिमीटर, पहिल्या महायुद्धानंतर ब्राउनिंगच्या मशीनगनसाठी बनलेलं. 1967 मध्ये व्हिएतनाममध्ये कार्लोस हॅथकॉकनं मशीनगनवरच दुर्बीण बसवून 2286 मीटरवर नेम साधला, आणि तो विक्रम पस्तीस वर्षं टिकला. पण या काडतुसाची खरी कामं वेगळी: उभं विमान, रडार, गाडीचं इंजिन. आपल्याकडे तिरुचिरापल्लीच्या निर्माणीची विध्वंसक रायफल त्याच जातीची, आणखी मोठ्या तोंडाची. एका 12.7 च्या काडतुसाचं वजन 115 ग्रॅमच्या आसपास भरतं, 7.62 चं 25. आणि बॅरेटसारखी रायफल दहा किलोच्या पुढे. हे सगळं एका माणसाच्या पाठीवर डोंगर चढून न्यायचं असतं, हे आकड्यांच्या तक्त्यात दिसत नाही.

या दोन टोकांच्या मधली जागा ज्यानं भरली त्याचं नाव पॉइंट थ्री थर्टीएट लापुआ मॅग्नम. ऐंशीच्या दशकात अमेरिकी लष्करी स्नायपरांना हजार मीटरवर चिलखताचे पाच थर भेदणारी गोळी हवी होती. सुरुवात झाली ती शिकाऱ्यांच्या जुन्या 416 रिग्बीच्या पुंगळीपासून, 1911 ची, हत्ती-गव्यांसाठी केलेली. तिच्यात नवी दारू भरल्यावर बुडाचं पितळ दाबच सहन करेना. फिनलंडमधल्या लापुआच्या कारखान्यानं पुंगळी नव्यानं आखली, बूड जाड केलं, पितळ जिथं कडक हवं तिथं कडक आणि जिथं मऊ हवं तिथं मऊ राखलं. म्हणजे सगळा प्रश्न सुटला तो पितळात. सोळा ग्रॅमची गोळी, सेकंदाला नऊशे मीटरच्या आसपास वेग. हजार मीटरवर तिचं पडणं आठ मीटरच्या आसपास येतं, वाऱ्यातलं सरकणं दीड मीटरच्या आतबाहेर. आवाजाचा वेग ती दीड किलोमीटरच्या सुमारास सोडते. आणि काडतूस 45 ग्रॅमचं, उचलता येण्यासारखं.

लापुआ हे गावाचं नाव आहे. हे मला कळलं तेव्हापासून ते काडतूस माझ्यासाठी निव्वळ आकडा राहिलं नाही. वरणगावसारखंच गाव, काडतुसांच्या कारखान्यावर पोसलेलं, सरकारी कारखाना 1923 चा. 13 एप्रिल 1976 रोजी सकाळी तिथं दारू भरण्याच्या विभागात स्फोट झाला. चाळीस माणसं गेली, त्यांतल्या बहुतेक बाया. आया, बहिणी, एकाच गल्लीतल्या. त्यानंतर कारखान्याचा धोक्याचा भाग गावाबाहेर हलवला. आज जगभरचे रायफलशौकीन लापुआचं नाव दर्जाची खूण म्हणून घेतात. त्यांना त्या सकाळची कल्पना असेलच असं नाही. आमच्याकडे मे महिन्यात भुसावळ 45-46 अंशांवर तापलेलं असतं तेव्हा फॅक्टरीत गेलेल्या माणसाची घरात कोणी बोलून दाखवत नाही अशी काळजी असतेच. गेटवर काडेपेटी काढून घेतात ती उगाच नाही. नानांच्या बायको, आमच्या काकू, भोंगा वेळेवर झाला की हातातलं काम क्षणभर थांबवायच्या. भोंगा भलत्या वेळी वाजला असता तर काय, हे त्यांना सांगावं लागत नव्हतं.

उन्हाचा आणखी एक संबंध आहे, तो थेट कॅलिबरशी. दारू तापली की जास्त जोरात जळते आणि गोळीचा वेग वाढतो, थंडीत उलट. आमच्या मे महिन्यात रायफल नेमली, म्हणजे दुर्बिणीचा आणि गोळीचा मेळ बसवला, आणि तेच काडतूस जानेवारीत उणे वीसला चालवलं, तर दारू कुठल्या जातीची आहे त्यावर सेकंदाला वीस-तीस मीटरचा फरक सहज पडू शकतो. शंभर मीटरवर तो कळतही नाही. हजार मीटरवर तो माणूस आणि माणसाच्या पायाखालची माती यांच्यातला फरक होतो. म्हणून लांबच्या काडतुसांसाठी तापमानाला कमी दाद देणाऱ्या दारू शोधतात, आणि आपल्यासारख्या देशाला, जिथं एकाच लष्करात थर आणि सियाचीन दोन्ही आहेत, त्याची गरज युरोपातल्या कुठल्याही देशापेक्षा जास्त आहे.

हे सगळं मी एकदा ओट्यावर नाना आणि भाऊ दोघांसमोर काढलं. तेव्हा नुकत्याच बातम्या आल्या होत्या, 2019 ची सुरुवात होती. नियंत्रण रेषेवर समोरून लांबचे नेम वाढले होते आणि उत्तर कमांडनं इटलीच्या बेरेटाच्या 338 आणि अमेरिकेच्या बॅरेटच्या पॉइंट फिफ्टी रायफली थोड्या संख्येनं घेतल्या होत्या. मोठी खरेदी वेगळीच होती: 5719 रायफली, 338 च्याच, आणि सोबत एक कोटीच्या वर काडतुसं. ती निविदा त्याच वर्षी मागे घेतली गेली. पुढे फिनलंडच्या साको रायफली आल्या, त्याही 338. भाऊ खुश होता. आपल्या पोरांना शेवटी बरोबरीचं हत्यार मिळालं म्हणाला.

नाना सुपारी कातरत ऐकत होते. म्हणाले, "रायफल पाच हजार, काडतूस कोटभर. मंग खरेदी कशाची झाली म्हनायची, रायफलची का काडतुसाची?"

मला वाटतं, या विषयावर मी जे काही वाचलं त्यात एवढं नेमकं कोणी मांडलेलं नाही. रायफल एकदा घेतली की वीस-पंचवीस वर्षं चालते. मोठ्या काडतुसांची नळी लवकर झिजते, ती बदलता येते. काडतूस रोज लागतं. स्नायपर युद्धात महिन्याला चार गोळ्या झाडेल, पण त्या चार बसाव्यात म्हणून सरावात शेकडो जातात, आणि सरावातलं काडतूस आणि लढाईतलं काडतूस एकच असावं लागतं. ते परदेशातून डॉलरमध्ये येणार असेल तर सराव कमी होतो. सराव कमी झाला की 338 हातात असून नेम 7.62 चाच राहतो.

"मग आपल्याकडे बनवायचं," भाऊ म्हणाला. "पितळ आहे, दारू आहे, कारखाना आहे."

"लांब मारनं काय, कोनालेबी जमते," नाना म्हणाले. "सारखं मारनं पाह्यजे. एका परातीतल्या पिठाच्या भाकरी तुझ्या काकूले सारख्या जमत नाही."

यातला सारखेपणा म्हणजे काय, हे आकड्यात सांगतो. एका काडतुसानं गोळी सेकंदाला 790 मीटरनं सोडली आणि दुसऱ्यानं 780 नं, तर तीनशे मीटरवर दोन-तीन सेंटिमीटरचा फरक. पायदळाच्या रायफलीला तो चालतो, मशीनगनला तर चांगलाच, तिथं गोळ्या थोड्या पसरलेल्याच हव्या असतात. हजार मीटरवर तोच फरक वीतभराच्या वर जातो. रायफल तीच, माणूस तोच, वारा शून्य, तरी वीतभर. म्हणून स्नायपरच्या काडतुसात दारूचं वजन, गोळीचं वजन, टोपीची ठिणगी, मानेची पकड, सगळं एकसारखं लागतं, आणि एका लॉटमधलं, म्हणजे एका खेपेत बनलेलं, दुसऱ्या लॉटसारखं. रशियनांनी ड्रॅगुनोव्हसाठी साठच्या दशकात खास वेगळी गोळी काढली ती याचसाठी. तेच 7.62 बाय 54 आपल्या टी-72 रणगाड्याच्या मशीनगनमध्येही जातं, त्यामुळे कोणालाही वाटेल, साठा आहे की, द्या स्नायपरला. बसतं ते रायफलीत. उडतंही. पण तो मशीनगनचा माल असतो. एकाच कॅलिबरवर सगळ्यांचं भागवायचा मोह पुरवठा अधिकाऱ्याला होतो, त्याचं चुकत नाही. चुकतं ते कागदावर मापं जुळली म्हणजे काडतुसं जुळली असं धरण्यात.

हल्ली नवा तोडगा निघालाय: एकच रायफल, नळ्या तीन. अमेरिकेनं घेतलेली एमके 22 अशी आहे, 7.62 ची नळी काढा, तीनशे नॉर्मा या लांब पल्ल्याच्या काडतुसाची लावा, नाहीतर 338 नॉर्माची. कागदावर फार देखणं. मला मात्र ते श्रीमंताघरचं वाटतं. नळ्या तीन म्हणजे काडतुसांच्या रांगा तीन, कारखान्यात यंत्रांचे संच तीन, डोंगरावर पेट्या तीन जातींच्या. साडेसहा मिलिमीटरच्या क्रीडमूरचं मला त्याहून पटतं. 2007 मध्ये निशाणेबाजीच्या स्पर्धांसाठी बनलं, गोळी लांबट आणि हवा छान कापणारी, म्हणून 7.62 पेक्षा लांब जातं आणि खांद्याला धक्का कमी देतं. अमेरिकेच्या विशेष दलांनी दहा वर्षांनी ते उचललं. पुंगळीची लांबी 7.62 नाटोच्या जवळची असल्यानं जुनी रायफल नळी बदलून त्याच्यासाठी करता येते. पण चिलखत आडवं आलं की ते 338 नाही.

चिलखत, कठीण लक्ष्य, मऊ लक्ष्य. या विषयाची भाषा अशीच असते, आणि तिच्यात लिहिता लिहिता मलाही सवय झाली, हे मघाच वाचताना जाणवलं. मऊ लक्ष्य म्हणजे माणूस. पाच थर म्हणजे त्या माणसाच्या अंगातलं जाकीट. भाऊ यावर बोलत नाही. त्याला विचारलं की तो दुर्बिणीबद्दल, वाऱ्याबद्दल, थंडीत चापावरच्या बोटाबद्दल बोलतो. मी पुढे विचारत नाही.

त्या रात्री शेवटी मी त्याला विचारलं, की तुला निवडायला दिलं असतं तर?

"कुठं बसवणार ते आधी सांग," तो म्हणाला. कुपवाड्याच्या देवदारांत तीनशे मीटरच्या पुढं दिसतच नाही, तिथं ड्रॅगुनोव्ह पुरे, दुसरी गोळी लगेच जाते. या धारेवरून त्या धारेवर मारायचं तर 338. पन्नासचं हत्यार कोणी दिलं तर उचलायला माणूसही त्यानंच द्यावा. आणि काहीही द्या, लॉट बदलू नका. एकदा पोस्टवर नवी पेटी आली आणि सगळ्या गोळ्या वर लागायला लागल्या, माल वाईट नव्हता, फक्त वेगळा होता. पुन्हा सगळी रायफल नेमावी लागली, रिकाम्या पुंगळ्या मोजून परत द्यायच्या ते वेगळंच.

नाना सरळ होऊन बसले. कोणतं साल, त्यांनी विचारलं. कोणता महिना. लॉट नंबर काय होता. भाऊला काही आठवेना.

"पेटीवर लिहेल राह्यते," नाना म्हणाले. "वाचाले पाह्यजे व्हतं."